बुऱ्हाणपूर दरवाजा: इतिहास, चित्रपट आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. इतिहासाच्या तासाला एखाद्या मुलाने आवेशाने एखादी हकीकत सांगितली की गुरुजी ती शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग शांतपणे विचारीत, “हे कशावरून?” त्या दोन शब्दांनी आमची किती तंगड्यांची घोडी जमिनीवर आणली, याची गणती नाही. पुढे मी स्वतः इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळले की, गुरुजी आमचा उत्साह मारीत नव्हते. त्याला बसायला नीट पाट देत होते. आजच्या व्याख्यानात मी फारसे काही नवीन सांगणार नाही. गुरुजींचा तोच प्रश्न चित्रपटगृहाच्या दारापर्यंत घेऊन जाण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय सुचला तो एका विद्यार्थिनीमुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि आपल्या लिंबायत-उधना भागातील मराठी कुटुंबांनी तो सहकुटुंब पाहिला. मराठ्यांनी बुऱ्हाणपुरावर घातलेला छापा त्यात आरंभीच दाखविला आहे. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, सुरतेतही असंच झालं होतं ना? मग लुटणारे आपले, की लुटले गेलेले आपले?” तिचे आजोबा नंदुरबारहून येथे यंत्रमागावर कामाला आले. वडील येथेच जन्मले, ती येथेच जन्मली. घरात मराठी, शेजारी गुजराती, समोरच्या घरात उर्दू. या मुलीला मी काय उत्तर द्यावे? त्या दिवशी मी तिला, “उद्या सांगतो,” असे म्हणालो. तो ‘उद्या’ बराच लांबला. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचीच तयारी आहे.

चित्रपटाआधीचा चित्रपट

ऐतिहासिक चित्रपटांवर आज जी टीका होते, ती ऐकताना असे वाटावे की इतिहासाशी खेळ करण्याचे पाप सिनेमावाल्यांनीच प्रथम केले. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्रात चित्रपट येण्यापूर्वी पोवाडा होता, कीर्तन होते, बखर होती, नाटक होते आणि कादंबरीही होती. चित्रपट हा या घराण्यातील धाकटा भाऊ. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, तो हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून, ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) श्री. ज. जोश्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीशी नाते सांगणारा आणि ‘छावा’ शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून. म्हणजे पडद्यावर आपण पाहतो तो इतिहास पुष्कळदा इतिहासावरून नव्हे, तर कादंबरीवरून उतरलेला असतो. मूळ कागदापासून तो दोन पायऱ्या दूर असतो, आणि प्रत्येक पायरीवर थोडे रंग चढलेले असतात.

सिंहगडाचेच उदाहरण पाहा. तानाजी मालुसरे पडले तेव्हा महाराज “गड आला पण सिंह गेला” असे उद्गारले आणि म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, हे आपण सर्वांनी लहानपणी पाठ केले आहे. गडावरची झुंज ४ फेब्रुवारी १६७० ची. परंतु १६६३ मधील एका पत्रातच या गडाचा उल्लेख ‘सिंहगड’ असा आलेला आहे. नाव आधीचे आणि प्रसंग नंतरचा. यामुळे तानाजींचे शौर्य रतिमात्र कमी होत नाही. गड त्यांनी घेतला आणि तेथे देह ठेवला, हे निर्विवाद सत्य आहे. कमी होते ती फक्त एका गोष्टीची सोय.

अशा गोष्टी का टिकल्या, हेही समजून घेतले पाहिजे. परकी राजवटीत शाळेच्या पुस्तकांत जे सांगता येत नव्हते, ते कीर्तनकाराने आणि चित्रपटकाराने सांगितले. १९३० साली प्रभात कंपनीने शिवचरित्रावर मूकपट काढला. व्ही. शांताराम त्याचे दिग्दर्शक होते आणि शिवाजीची भूमिकाही त्यांनीच केली. चित्रपटाचे नाव ‘स्वराज्यतोरण’ ठेवले होते. ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारी परीक्षकांना मानवला नाही आणि तो चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने प्रदर्शित झाला. ज्या काळी एका शब्दासाठी कात्री चालत होती, त्या काळच्या कलावंताने प्रेक्षकाच्या छातीत धग पेटवली, तर त्याच्याकडे तारखांचा हिशेब मागणे निष्ठुरपणाचे होईल. पण तो काळ १९४७ साली संपला. आपला राजा आपल्या पुस्तकात आला, पुतळ्यांत आला, टपालाच्या तिकिटावर आला. आता धग पेटविण्याच्या सबबीवर कागद जाळण्याचे कारण उरलेले नाही.

स्वातंत्र्य कोठवर?

कलावंताला स्वातंत्र्य हवे, याविषयी वाद नाही. इतिहासाचे साधन हे बहुधा कोरडे असते. जमाखर्च, हुकूमनामा, वखारीची रोजनिशी, तहाची कलमे यांत माणसे बोलत नाहीत. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच निवर्तल्या. त्यांची पत्रे उपलब्ध आहेत. तरी बोटीवर चढण्याच्या आदल्या रात्री नवराबायकोंत काय बोलणे झाले, ते कोणत्या पत्रात सापडणार? ते कलावंताने कल्पनेनेच लिहावयाचे. येथे त्याने कागदाला धक्का लावलेला नसतो, तर कागदावरील रिकामी जागा भरलेली असते.

दुसरे स्वातंत्र्य आटोपशीरपणाचे. वीस वर्षांचे आयुष्य अडीच तासांत बसवायचे तर चार माणसांचे एक करावे लागते. याचे एक उदाहरण आपल्या दक्षिण गुजरातेतीलच आहे. २१ मे १९३० रोजी आजच्या वलसाड जिल्ह्यातील धारासणा येथे सत्याग्रही रांगेने पुढे जात होते आणि पोलिसांच्या लाठ्या डोक्यावर घेत होते. ही हकीकत वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने जगाला कळविली. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात मात्र ती बातमी वॉकर नावाचा पत्रकार देतो. असा पत्रकार झाला नाही. ते अनेक वार्ताहरांच्या जागी उभे केलेले एक पात्र आहे. पण लाठ्या खऱ्या आहेत, रांगा खऱ्या आहेत, हात न उचलणारी माणसे खरी आहेत. याच चित्रपटाच्या प्रारंभी, एका माणसाचे सारे आयुष्य एका कथनात मावत नाही, अशी कबुली दिलेली आहे. नाव बदलले, परंतु घटनेचा अर्थ बदलला नाही. हे स्वातंत्र्य मी मान्य करतो.

तिसऱ्या प्रकाराशी मात्र माझे भांडण आहे. साधन जेथे स्पष्ट बोलते, तेथे त्याचे तोंड दाबून उलटेच वदवून घेणे, हा तो प्रकार. ‘तान्हाजी’ (२०२०) या चित्रपटात कोंढाण्यावर आणलेली एक महाकाय तोफ दिसते. समकालीन साधनांत तिचा मागमूस नाही. तोफेवर मी फार रागावणार नाही, कारण ती पाहणाऱ्याला बहुधा कळते. गडाचा किल्लेदार उदयभान राठोड याला जो नरपशू करून टाकला आहे, तो मात्र मला खटकतो. उदयभान हा एका सम्राटाचा नोकर होता. गड राखणे हे त्याचे काम होते आणि ते करता करता तो मेला. अशा माणसाशी झुंजून गड घेण्यात जो पराक्रम आहे, तो एका वेड्याला मारण्यात कोठून येणार? शत्रूला खुजा केला की आपला वीरही तेवढाच खुजा होतो, ही साधी गोष्ट पटकथाकारांच्या ध्यानात येत नाही.

आणि काही असत्ये इतकी रुजतात की ती भाषेचाच भाग होतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही कथा कीर्तनांनी, नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी घरोघर नेली. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच झाला. ते अस्सल पत्र इतिहाससंशोधकांच्या हाती आजवर आलेले नाही. खुनानंतर राघोबादादा पदच्युत झाले, पळाले आणि मार्च १७७५ मध्ये याच आपल्या सुरतेत त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रज-मराठा युद्धांची नांदी त्या तहाने झाली. घराण्याचा कलह एका परकीय कंपनीला घरात कसा बोलावतो, हे त्यातले खरे नाट्य. पण ‘ध’ आणि ‘मा’ या दोन अक्षरांनी सारा दोष एका बाईच्या लेखणीवर टाकला, आणि सुरतेचा तह लोकांच्या आठवणीतून निघून गेला. खोटी गोष्ट खऱ्या गोष्टीची जागा अडवून बसते. तिचे मोठे नुकसान ते हेच.

बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरची बाग

आता आपल्या शहराकडे वळू. समजा, आपल्यापैकी एखाद्या माजी विद्यार्थ्याने उद्या सुरतेच्या पहिल्या स्वारीवर चित्रपट काढायचे ठरविले. त्याच्या हाती काय काय आहे?

पहिली अडचण तारखेचीच. इंग्रजी कागदांप्रमाणे शिवाजी महाराज बुधवारी, ६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेच्या वेशीवर आले. डच कागदांत हाच दिवस १६ जानेवारीचा आहे. दोघेही खरे सांगतात. इंग्रज त्या काळी जुनी कालगणना पाळीत, डच नवी, आणि दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. ‘कशावरून?’ असे विचारल्याखेरीज हे कळत नाही.

इंग्रजी हकीकतींप्रमाणे महाराजांचा तंबू शहराच्या पूर्वेस, बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पाव मैलावर एका बागेत पडला. बुऱ्हाणपुरी भागळ हे नाव त्या दरवाजाची आठवण सांगत आजही उभे आहे. त्या भागातून आपण बाजारहाट करीत जातो, पण तेथे क्षणभर थांबत नाही. त्या वेळी शहराला धड तट नव्हता. विटांचा तट नंतर, या स्वारीच्या धड्याने बांधला गेला. शहराचा कारभारी इनायतखान हा पाचशे शिपायांचा पगार घेत असे, पण तेवढे शिपाई ठेवीत नसे. महाराजांनी निरोप पाठविला की इनायतखान, वीरजी व्होरा, हाजी सैद बेग व हाजी कासम यांनी स्वतः येऊन खंडणी ठरवावी. कोणी आले नाही. इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले.

गुरुवारी इनायतखानाने बोलणी करण्याच्या मिषाने एक तरुण पाठविला. बोलता बोलता त्याने लपवलेला खंजीर काढून महाराजांवर झेप घेतली. जवळच्या रक्षकाने त्याचा हात तोडला, तरी तो वेगाने महाराजांवर कोसळला आणि दोघेही खाली पडले. रक्त पाहून महाराज गेले अशी आवई उठली आणि कैद्यांची कत्तल करा, असा ओरडा झाला. महाराज उठले आणि त्यांनी सरसकट कत्तल थांबविली. येथपर्यंतचा प्रसंग कोणताही दिग्दर्शक आनंदाने चित्रित करील. पण इंग्रजी हकीकत येथे थांबत नाही. त्यानंतर कैदी पुढे आणवून चौघांची शिरे व चोवीस जणांचे हात तोडण्यात आले, असे ती पुढे सांगते. कंपनीचा अँथनी स्मिथ नावाचा नोकर सुवाळीहून येताना पकडला गेला होता. तो त्याच कैद्यांत उभा होता, पण बचावला.

आमचा माजी विद्यार्थी हे दाखवील काय? दाखविले तर घरचे रागावतील, वगळले तर गुरुजी विचारतील. माझे मत असे की त्याने ते दाखवावे, आणि त्याबरोबर सारे दाखवावे. १६६० पासून तीन वर्षे शाइस्ताखान पुण्यात ठाण मांडून होता आणि स्वराज्याचा मुलूख उजाड झाला होता, हे दाखवावे. पुढे १६७२ मध्ये सुरतेकडे चौथाई मागताना महाराजांनी मांडलेला विचारही दाखवावा: तुमच्या बादशहाने मला प्रजेच्या रक्षणासाठी फौज ठेवणे भाग पाडले, तेव्हा त्या फौजेचा खर्च त्याच्या प्रजेने द्यावा. त्या चार दिवसांत लागलेल्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला. त्यांत वीरजी व्होऱ्यासारख्या धनाढ्याचा वाडा होता, तशी ज्यांचे नावही कोणी लिहून ठेवले नाही अशा माणसांची घरेही होती. एक कोटी रुपयांच्या आसपास लूट मिळाल्याचे सामान्यतः सांगितले जाते. जळालेल्या झोपड्यांचा आकडा मात्र कोणी मांडला नाही. चित्रपटकाराने आपली कल्पना चालवावी ती अशा ठिकाणी.

बर्नियर हा फ्रेंच प्रवासी सांगतो की फादर अँब्रोज या कापुचिन पाद्र्याच्या निवासाला मराठ्यांनी हात लावला नाही, आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही, तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, सोडून दिले. किती सुंदर प्रसंग! पण येथेही ‘कशावरून?’ हे विचारलेच पाहिजे. बर्नियर त्या दिवसांत सुरतेत नव्हता, त्याने हे ऐकून लिहिले. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीची साक्षही न आवडणाऱ्या गोष्टीइतकीच कसून तपासावी लागते. नाही तर ती तपासणी नव्हे, पक्षपात होय. इंग्रजांच्या कागदांनाही हाच न्याय लावला पाहिजे. वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याला बादशहाकडून मानाचा पोशाख मिळाला आणि कंपनीला जकातीत सवलत. आपले शौर्य वाढवून सांगण्यात त्यांचा उघड लाभ होता. आपल्याकडील सभासदाची बखर जिंजी येथे, स्वारीनंतर तीन दशकांनी लिहिली गेली. तिच्यात भक्ती आहे, पण कालक्रम सैल आहे.

रविवारी, १० जानेवारीला महाराज निघून गेले. पुढच्या आठवड्यात मोगल फौज पोहोचली, तेव्हा इनायतखान किल्ल्याबाहेर आला आणि शहरवासीयांनी त्याची हुर्यो करून त्याच्यावर घाण फेकली. माझ्या चित्रपटाचा शेवट मी येथे केला असता. लुटलेल्या शहराचा राग लुटणाऱ्यापेक्षाही, पगार खाऊन दरवाजा उघडा टाकणाऱ्यावर अधिक निघाला. या चार दिवसांत खलनायक शोधण्यासाठी काही रचावे लागत नाही, आणि नायकाला मोठा करण्यासाठी काही लपवावेही लागत नाही.

पडदा संपतो तेथून पुढे

कोणी म्हणेल, इतका काथ्याकूट कशासाठी? चित्रपट ही करमणूक आहे, दोन घटका पाहावा आणि विसरावा. तसे होते तर मी हा विषय घेतलाच नसता. ‘छावा’मध्ये बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या खजिन्याचे शहर म्हणून दाखविले आहे. १६८१ मध्ये मराठ्यांनी ते लुटले, हे ऐतिहासिक सत्य आहे. चित्रपट पाहून मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपुरानजीक असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या व कुदळी घेऊन मोगली मोहरांसाठी शेते खणू लागले, आणि पोलिसांना तेथे जावे लागले. आपण हसतो. पण ते शेत कोणाचे तरी होते. त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल झाली, आणि त्या निमित्ताने राज्याच्या विधानसभेतही या चित्रपटाचा उल्लेख झाला. दंगलीला कारणे अनेक असतात, एकट्या चित्रपटाला दोषी धरणे हाही एक सोपा इतिहास होईल. मात्र पडदा संपल्यावर चित्रपट संपत नाही, एवढे यावरून मान्य करावे लागेल.

याच चित्रपटासंबंधी दोन वाद झाले. प्रदर्शनापूर्वी, संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखविले म्हणून आक्षेप आला आणि ते दृश्य काढले गेले. प्रदर्शनानंतर, गणोजी व कान्होजी शिर्के यांना फितूर दाखविले म्हणून शिर्के घराण्यातील मंडळींनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी खेद व्यक्त केला. यांपैकी दुसऱ्या वादात इतिहासाचा खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराज कोणाच्या फितुरीने पकडले गेले, याविषयी साधने एकमुखाने बोलत नाहीत. गणोजी हे येसूबाईंचे बंधू आणि शिवाजी महाराजांचे जावई. ते मोगलांकडे गेले हे खरे, पण पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना निसटून जाण्यास त्यांनीच साहाय्य केल्याची हकीकतही आहे. वतन, नाते आणि निष्ठा यांच्या ओढाताणीत सापडलेला असा माणूस नाट्याच्या दृष्टीने किती मोलाचा! त्याला निव्वळ फितूर केले की इतिहास तर जातोच, पण नाट्यही जाते.

आणि ज्या संभाजी महाराजांसाठी आज प्रेक्षक डोळे पुसतात, त्यांच्यावर याच रंगभूमीने आणि चित्रपटाने पूर्वी काय आळ घेतले, ते आठवा. १९४१ चा ‘थोरातांची कमळा’ हा भालजी पेंढारकरांचा चित्रपट एका दंतकथेतील प्रेमप्रकरणावर उभा होता. ती प्रतिमा पुसली ती दुसऱ्या चित्रपटाने नव्हे. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागद धुंडाळले आणि १९६० साली संभाजी महाराजांचे साधार चरित्र सिद्ध केले, तेव्हा लोकांचे डोळे उघडू लागले. शिवाजी महाराजांचे म्हणून घरोघर लावलेले चित्र भलत्याच माणसाचे आहे, हेही १९३३ मध्ये डच साधनांतील चित्र पुढे आणून दाखविले ते याच बेंद्र्यांनी. ज्यांना आज ‘छावा’ पाहून अभिमान वाटतो, त्यांनी त्या अभिमानाचे मूळ ऋण कोणाचे आहे, हे विसरू नये. ते ‘कशावरून?’ असे विचारणाऱ्या एका अभ्यासकाचे आहे.

आपण बहुतेक खानदेशची माणसे. आपल्या धुळ्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले, आणि त्यांची दप्तरे जतन करणारे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. बखरीवर विसंबू नका, अस्सल पत्र पाहा, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकविले. गावोगावच्या जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाण्यांच्या रद्दीतून त्यांनी कागद गोळा केले. तो वारसा आपला आहे. तो सांगण्यासाठी कोणत्या चित्रपटाची वाट पाहावी लागत नाही.

काही सूचना

माझ्या माजी विद्यार्थी मित्रांना काही विनंत्या करतो. शाळेच्या ग्रंथालयात सभासदाची बखर, ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ आणि सरदेसायांची ‘मराठी रियासत’ एवढी पुस्तके तरी असू द्यावीत. कपाटात नव्हे, मुलांच्या हातात असू द्यावीत. ऐतिहासिक चित्रपट आला की मुलांना तो जरूर पाहू द्यावा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मधोमध एक रेघ ओढावी, डावीकडे ‘पाहिले’ आणि उजवीकडे ‘कशावरून’ असे लिहावे. उजवी बाजू पुष्कळदा रिकामी राहील. राहू द्यावी, कारण रिकामी जागा ओळखता येणे हीच इतिहासाच्या अभ्यासाची पहिली इयत्ता होय. आणि वर्षातून एकदा मुलांना पायी फिरवून आणावे: बुऱ्हाणपुरी भागळीपासून चौकबाजारापर्यंत, महानगरपालिकेने जीर्णोद्धार केलेल्या किल्ल्यात, आणि तेथून कतारगामच्या इंग्रजी कबरस्तानात, जेथे तो ऑक्झेंडन चिरनिद्रा घेत आहे. एका सकाळच्या फेरीत त्यांना आक्रमक, पळपुटा कारभारी, व्यापारी आणि परदेशी, सारेच भेटतील.

आता त्या मुलीचे उत्तर. मी तिला सांगितले ते असे: “बाळ, लुटणारे आपले पूर्वज होते, आणि लुटले गेलेले आपले शेजारी होते. आज तू त्याच शहराची आहेस. म्हणून दोघांचीही हकीकत तुला सांगता आली पाहिजे, आणि ती अशी सांगता आली पाहिजे की दोघांपैकी कोणीही समोर बसले असता तुला आवाज बदलावा लागू नये.” तिने थोडा विचार केला आणि विचारले, “सर, ते चोवीस हात तोडले, हे कशावरून?”

मित्रहो, प्रश्न ऐकून मला माझे गुरुजी आठवले. मी तिला कागद दाखविला. तो इंग्रजांनी लिहिलेला आहे, आणि इंग्रजांचा त्यात काय स्वार्थ होता, हेही सांगितले. ती वाचीत बसली.